सीलबंद लोळा

"घंटा वाजणार असेल, तर या घंटाघराला माझा विरोध आहे," परीक्षा नियंत्रक डॉ. मुळगुंद म्हणाले.

कुलगुरूंनी चष्मा काढला, पुसला, परत घातला.

"मुळगुंदसर, ती घंटा आहे."

"ते मला मान्य आहे सर. ती असण्याला माझी काहीच हरकत नाही."

बैठकीत हे संभाषण झालं तेव्हा घंटाघर बांधून पूर्ण झालं होतं, घंटा वर टांगली होती, निमंत्रणपत्रिका छापून झाल्या होत्या आणि उद्घाटन आठ दिवसांवर आलं होतं. कुलगुरूंच्या मागच्या खिडकीतून घंटाघर नेमकं मधोमध दिसत होतं. ते तसं दिसावं म्हणून मूळ जागेवरून अकरा मीटर पूर्वेला सरकवलं होतं. मीच सरकवलं होतं. वास्तुरचनाकार मी होतो.

वय एकतीस. बंगल्यांचे जिने आणि एका पतसंस्थेचं प्रवेशद्वार सोडलं, तर हे माझं पहिलं मोठं काम. विद्यापीठात 'घंटाघर व प्रांगण समिती' होती आणि तिचे सदस्य सतरा. प्रत्येक सदस्याची किमान एक सूचना आराखड्यात दिसलीच पाहिजे, असा नियम कुठे लिहिलेला नव्हता. त्यामुळेच तो मोडता येत नव्हता. मी अठ्ठावीस मीटरचा सडपातळ मनोरा काढला होता. मग कोनशिलेचा विषय निघाला. कोनशिलेवर सतराही नावं हवीत, पदव्यांसकट, आणि कुणाचंही अक्षर दुसऱ्याच्या अक्षरापेक्षा लहान नको. एवढी शिला मावायला पाया रुंद करावा लागला. पाया रुंद झाला, तसा मनोरा तेवढ्याच दगडात बसवायचा म्हणून बुटका झाला. आज लांबून पाहणाऱ्याला ती पाण्याची टाकी वाटते. जवळून पाहणाऱ्याला ते काय आहे हे शिलेवर वाचायला मिळतं.

प्रांगणाचंही तेच. मी बहावा आणि कडुनिंब सुचवले होते. पाहुण्यांच्या फोटोत सावली पडते म्हणून ताडासारखी शोभेची झाडं आली. विद्यार्थी कल्याणच्या खैरमोडे मॅडमनी बाकांची रुंदी टेपने मोजली आणि म्हणाल्या, "यावर दोघं बसतील."

"हो मॅडम. बाक आहे."

"म्हणूनच म्हणते."

अशा रीतीने राज्यातलं पहिलं एकआसनी बाकांचं प्रांगण तयार झालं. दोन बाकांत सहा फूट अंतर, आणि मधल्या हिरवळीवर दर दहा पावलांना पाटी : हिरवळीवर चालू नये.

कुणीच हात लावला नाही अशी एकच गोष्ट त्या सगळ्यात होती. घंटा. तिचा विषय कार्यक्रमपत्रिकेत जेवणानंतर आला होता.

घंटा ओतली अप्पा ओतारींनी. तालुक्याच्या गावी ओतार गल्लीच्या टोकाला त्यांची भट्टी होती. देवळांच्या घंटा, पंचधातूच्या मूर्ती, पूर्वी एका संस्थानाच्या हत्तीच्या गळ्यातल्या घंटा, हे सगळं त्यांच्या घराण्यानं ओतलेलं. मी पहिल्यांदा गेलो तेव्हा ते साच्यावर माती लिंपत होते. वय सत्तरच्या आसपास, अंगावर बंडी, कानात केस. आत सुनेनं चहा केला आणि कपबशा ट्रेमध्ये ठेवल्या, तसे अप्पा मान वर न करता ओरडले, "पोरी, त्यातला एक कप तडकलाय. पाव्हण्याला दुसरा आण."

सून दुसरा कप घेऊन आली. मी थक्क झालो.

"त्यात काय," अप्पा म्हणाले, "कान हाच धंदा हाय माझा. हात काय, कुणाचंबी चालत्यात."

त्याच दिवशी त्यांनी मला त्यांच्या घरची रीत सांगितली. ओतलेली घंटा तिच्या जागी टांगून झाली की पहिला टोला ओतणाऱ्यानं द्यायचा. तो टोला कानांनी पास केल्याशिवाय भट्टीत पुढचं ओतकाम धरायचं नाही.

"आणि टोला द्यायला उशीर झाला तर?"

"भट्टी थांबती. माझ्या आजानं एक पावसाळाभर थांबवली हुती. देवळाचा कळस व्हायचा हुता तवर."

"घरचं कसं चाललं मग?"

"कसंबी," अप्पा म्हणाले. "पण देवळंवाले पळत हुते कळसामागं. आपली घंटा अडून ऱ्हायलीय म्हटल्यावर मानूस पळतंय."

विद्यापीठाची घंटा ही त्यांची सर्वांत मोठी घंटा होती. ती ओतल्यापासून भट्टी थंडच होती. पुढचं काम त्यांनी घेऊन ठेवलं होतं, एका गावच्या देवीची घंटा, दसऱ्याच्या आत द्यायची. बैठकीच्या दिवशी पहिल्या टोल्याची वेळ ठरवून घ्यायला ते स्वतः आले होते आणि सभागृहाच्या दाराबाहेर शिपायाच्या स्टुलाशेजारी बसले होते.

आत मुळगुंदांनी लाल शाईनं भरलेलं वर्षाचं कॅलेंडर टेबलावर पसरलं.

"हे पाहा. नियमित परीक्षा. ही पुरवणी. या बहिःस्थ विद्यार्थ्यांच्या. हे दूरशिक्षण. रविवारी प्रवेशपरीक्षा. परीक्षा चालू असताना आवारात आवाज करता येत नाही, हा नियम आहे. गेल्या वर्षी मी रसायनशास्त्र विभागाचा मिक्सर बंद केलाय."

"दिवाळीत?" कुलगुरू आशेनं म्हणाले.

"दिवाळीत पुनर्मूल्यांकन. प्राध्यापक त्यासाठी मुद्दाम येतात, सर. त्यांचं चित्त विचलित झालं तर पोरं नापास होतील."

"नाही झालं तर?"

"तरी होतात. पण मग घंटेवर येणार नाही."

घंटा आता काढता येत नव्हती. ती कोनशिलेवर होती. उद्घाटन पुढे ढकलता येत नव्हतं. पाहुण्यांची तारीख चार महिने आधी मिळाली होती. सतरा माणसं खिडकीतून बाहेर पाहत राहिली, जणू घंटाघर स्वतःहून समजूतदारपणा दाखवेल.

मग कुलगुरू माझ्याकडे वळले. "घळसासी, तुम्ही तंत्रज्ञ आहात. मार्ग काढा काहीतरी. आणि ते खुल्या नाट्यगृहाचं काम आहेच पुढं. आम्हाला आमच्या अडचणी समजणारा माणूस लागतो."

मला दाराबाहेर बसलेले अप्पा आठवत होते. देवीची घंटा आठवत होती. खुलं नाट्यगृह त्याहून स्पष्ट आठवत होतं; त्याची बैठकव्यवस्था मी वहीत काढूनसुद्धा ठेवली होती. मी घसा साफ केला आणि चांगल्या मोठ्या, आत्मविश्वासाच्या आवाजात म्हणालो, "लोळा काढून ठेवता येईल."

"काय?"

"घंटेच्या पोटात जो लोखंडी लोळा लोंबतो ना, ज्याच्या आपटण्यानं ती वाजते, तो. तो काढला की घंटा राहील, पण वाजणार नाही. कुणी चुकून दोर ओढला तरी."

सभागृहात सुटकेचा श्वास ऐकू आला. खैरमोडे मॅडमनी तर टाळी वाजवली.

"पण तो ठेवायचा कुठं?" मुळगुंद म्हणाले. "कुणाच्याही हाती लागला तर पुन्हा बसवतील. तो माझ्या स्ट्राँगरूममध्ये राहील. प्रश्नपत्रिकांबरोबर. सीलबंद."

ठराव एकमताने मंजूर झाला.

मी बाहेर आलो. अप्पा उठून उभे राहिले. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मी त्यांच्या धोतराच्या काठाकडे.

"काय ठरलं सायेब?"

"जरा अडचण आहे अप्पा. परीक्षा चालू आहेत. संपल्या की देऊ टोला."

"कवा संपत्यात?"

"बघू. कळवतो मी."

"बरं," अप्पा म्हणाले आणि चपला घालून निघून गेले. आणखी काही विचारतील असं वाटलं होतं. विचारलं नाही, तेव्हा मला बरं वाटलं.

उद्घाटन थाटात झालं. घंटाघराच्या पायथ्याशी मखमलीचा गोंडा लावलेला दोर होता. वर तो कशालाही बांधलेला नव्हता. पाहुण्यांनी तो ओढला आणि त्याच क्षणी ध्वनिक्षेपकावरून घंटा वाजली. ध्वनिक्षेपकवाल्याकडे घंटेचं एकच ध्वनिमुद्रण होतं, नाटकाच्या तिसऱ्या घंटेचं. लोकांनी सवयीनं मोबाइल बंद केले आणि समोर पाहत बसले. पडदा वर गेला नाही. पाहुण्यांना इतकी शिस्त आजवर कुठे पाहायला मिळाली नव्हती, असं त्यांनी भाषणात आवर्जून सांगितलं.

अप्पा अगदी मागच्या एकआसनी बाकावर बसले होते. कार्यक्रम संपल्यावर ते माझ्याजवळून जाताना एवढंच म्हणाले, "ही आमची न्हाई."

त्यानंतर दर महिन्याच्या एक तारखेला त्यांचा फोन यायचा.

"सायेब, परीक्षा संपल्या का?"

"नाही अप्पा. पुरवणी सुरू झाली."

पुढच्या महिन्यात, "संपल्या का?"

"आता बहिःस्थ आहेत."

एकदा ते म्हणाले, "सायेब, लोळा ऱ्हाऊ दे. किल्ली तर तुमच्याकडंच हाय न्हवं? मी लाकडी मोगरी घिऊन येतो. एक टोला. गपकन देतो आन् जातो."

घंटाघराची किल्ली माझ्याकडे होती हे खरं होतं. इमारतीचं हस्तांतर कागदोपत्री झालेलं नव्हतं. "परवानगी लागेल अप्पा," मी म्हणालो. खुल्या नाट्यगृहाची फाइल तेव्हा कुलगुरूंच्या टेबलावर होती.

दसऱ्याला देवीची घंटा दुसरीकडून आली. मार्गशीर्षात अप्पांच्या मुलानं भट्टीच्या पुढच्या पडवीत स्टीलच्या ग्रिलचं दुकान टाकलं. हे मला अप्पांनी सांगितलं नाही. एक तारखेच्या फोनमध्ये मागून वेल्डिंगचा आवाज येत होता, त्यावरून मला कळलं. एवढं ऐकायला मलाही जमायला लागलं होतं.

मार्चमध्ये खुल्या नाट्यगृहाचं काम कुलगुरूंच्या साडूच्या मुलाला मिळालं. त्यानंतर चौथ्या दिवशी विद्यापीठाचे पेपर फुटले. मी जे पुढे केलं त्याचं श्रेय कुणी माझ्या सदसद्विवेकबुद्धीला देऊ नये म्हणून हा क्रम सांगून ठेवतो.

सकाळी साडेसातला बसस्टँडसमोरच्या झेरॉक्सच्या दुकानात रांग लागली होती आणि रांगेत उभ्या असलेल्या पोरांना प्रश्न पाठ होते. नऊ वाजता सगळ्या विभागांच्या सगळ्या परीक्षा रद्द झाल्या. दहा वाजता पोलिसांनी स्ट्राँगरूमला कुलूप घातलं. त्या खोलीतून तीन विषयांच्या प्रश्नपत्रिका बाहेर पडल्या होत्या. लोळा पडला नव्हता.

मी अप्पांना फोन केला. "अप्पा, आज परीक्षा नाहीत."

"संपल्या?"

"फुटल्या."

त्यांनी तिकडे कुणाला तरी वेळ विचारली. मग ते म्हणाले, "साडेधाची यस्टी हाय."

साडेबाराला ते आले. हातात टॉवेलमध्ये गुंडाळलेलं काहीतरी होतं. फाटकावर दोन हजार पोरांचा मोर्चा घोषणा देत होता आणि सगळे सुरक्षारक्षक तिकडे होते. बाकीचा कर्मचारीवर्ग आपापल्या खोल्यांची दारं आतून लावून बसला होता. प्रांगणात चिटपाखरू नव्हतं. मी घंटाघराचं दार उघडलं आणि आम्ही ऐंशी पायऱ्या चढून गेलो. अप्पा तीनदा थांबले. मी चारदा.

वर घंटेवर आठ महिन्यांची धूळ होती आणि पोटात कबुतरांनी काड्या आणल्या होत्या. अप्पांनी आधी कबुतरं हाकलली. मग घंटेवर तळवा ठेवला, ताप बघतात तसा.

"लोळा काढायचं कुणाच्या डोस्क्यात आलं वं?" त्यांनी विचारलं.

"समितीनं ठरवलं."

"सतरा जणांच्या एकदम डोस्क्यात आलं?"

"चर्चा झाली बैठकीत."

"हं."

त्यांनी टॉवेल सोडला. बाभळीच्या लाकडाची मोगरी होती, मुठीपाशी हातानं झिजलेली. त्यांनी जागा निवडली, पाय रोवले, डोळे मिटले आणि टोला दिला.

आवाज आधी कानाला लागलाच नाही. हात ठेवला होता तो कठडा थरथरला, पायांखालची फरशी थरथरली आणि मग तो वर आला. मी काढलेल्या त्या बुटक्या, बेढब मनोऱ्याच्या चारही कमानींतून तो बाहेर पडला. फाटकावरच्या घोषणा एकेक करत थांबल्या. अप्पा डोळे मिटूनच उभे होते. आवाज बारीक होत, होत, माझ्यासाठी संपून गेला, तरी ते ऐकतच होते. बऱ्याच वेळानं त्यांनी डोळे उघडले.

"कशी आहे?" मी विचारलं.

"शेवटाला जरा लवकर आवरती."

"म्हणजे चूक राहिली?"

"ऱ्हायली थोडी. पुढच्या घंटेत काढीन." त्यांनी मोगरीची मूठ माझ्याकडे केली. "आता तुमी द्या."

"मी कशाला अप्पा? रीत तर ओतणाऱ्याची आहे."

"माझं झालं. धरा."

मी मोगरी धरली आणि हळूच एक टोला दिला. घंटा जेमतेम कण्हली.

"असा न्हवं," अप्पा म्हणाले. "त्या दिशी बैठकीत बोलला तसा द्या. 'लोळा काढून ठेवता येईल.' केवढा खणखणीत आवाज लागला हुता तुमचा. दाराचं लाकूड चांगलं सागवानी हाय, तरी बाहीर शबूद न् शबूद आला."

मी त्यांच्याकडे पाहिलं. त्यांच्या चेहऱ्यावर राग नव्हता. ऑगस्ट, सप्टेंबर, ऑक्टोबर; दर एक तारखेला त्यांनी मला विचारलं होतं, परीक्षा संपल्या का, आणि दर एक तारखेला मी त्यांना वेळापत्रक वाचून दाखवलं होतं.

"तुम्ही कधी बोलला नाहीत," मी म्हणालो.

"घंटा तडकलेली हाय का न्हाई, ते एका टोल्यात कळत न्हाई सायेब. दोन-चार ठिकाणी वाजवून बघावं लागतं." त्यांनी घंटेच्या कडेवरची एक जागा बोटानं दाखवली. "हितं द्या. मोकळा."

मी मोकळा टोला दिला.

खाली पाहिलं तेव्हा मोर्चा फाटक सोडून आत आला होता. पोरं-पोरी हिरवळीवरून सरळ चालत येत होती, पाट्यांना वळसा घालून, आणि माना वर करून पाहत होती. येऊन ती हिरवळीवर बसली, घोळक्याघोळक्यानं. एकआसनी बाकांवर कुणी बसलं नाही. त्यांवर पिशव्या ठेवल्या. मी काढलेल्या प्रांगणात माणसं बसलेली मी पहिल्यांदा पाहिली. खैरमोडे मॅडम ग्रंथालयाच्या खिडकीतून ते बघत होत्या आणि त्यांच्या हातात टेप नव्हता.

पुढे दोन चौकशी समित्या नेमल्या गेल्या. पेपर कुणी फोडले याची चौकशी चौदा महिने चालली आणि 'संबंधितांना समज देण्यात यावी' अशी शिफारस करून संपली. संबंधित कोण, ते शेवटपर्यंत कळलं नाही. घंटा कुणी वाजवली याचा छडा दुसऱ्या समितीनं तीन दिवसांत लावला. मला नोटीस आली. घंटा कोणी, कोणाच्या परवानगीने आणि किती वेळा वाजवली, याचा लेखी खुलासा सात दिवसांत करावा. नोटिशीखाली मुळगुंदांची सही होती. समितीत ते होतेच; दोन्ही समित्यांत होते.

पहिल्या दिवशी मी दोन पानी खुलासा लिहिला. त्यात कंपनसंख्या, धातूची चाचणी, हस्तांतरापूर्वीची तांत्रिक तपासणी असं बरंच काही होतं. तो वाचून कुणीही सुटला असता. दुसऱ्या दिवशी तो फाडला आणि पाच ओळी लिहिल्या.

'टोले तीन. पहिला श्री. अप्पा ओतारी यांनी दिला. घंटा त्यांनी ओतली आहे. दुसरा मी दिला. तो नीट बसला नाही. तिसराही मीच दिला. परवानगी घेतलेली नव्हती. लोळा काढण्याची सूचनाही माझीच होती, ती मी मागे घेत आहे.'

खाली सही केली, पूर्ण नावाची.

सूचना मागे घेण्याची तरतूद नियमांत नाही, असं उत्तर आलं. त्याबरोबर मला विद्यापीठाच्या कामांतून कायमचं काढल्याचंही पत्र होतं. लोळा अजून स्ट्राँगरूममध्ये आहे आणि सील शाबूत असल्याचा अहवाल दरवर्षी जातो, असं तिथला एक कारकून सांगतो.

त्याच वर्षी एप्रिलच्या एक तारखेला नेहमीच्या वेळी फोन वाजला. मी उचलला. वेल्डिंगचा आवाज येत नव्हता. दुसरंच काहीतरी चालू होतं, जड, संथ, श्वासासारखं. मला ओळखू येईना.

"अप्पा?"

"ऐकू येतंय का?"

"येतंय. काय आहे ते?"

"भाता," अप्पा म्हणाले. "ठेवतो."